औषधाची मच्छरदाणी : या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर वाघोलीकडच्या मजूर वस्त्यांत औषधाच्या मच्छरदाण्या वाटायला जातो. तिथल्या बायका एकदा सांगितलं की ऐकतात. डोकं फिरवतात ती आपली शिकलेली माणसं.

आमच्या ताईचंच घ्या. भाचा सहा महिन्यांसाठी गडचिरोलीला निघाला, म्हणून मी नवी कोरी मच्छरदाणी आणून दिली. ताईच्या घरी दुकानातलं कापड धुतल्याशिवाय अंगाला लागत नाही. रात्रभर गरम पाण्यात भिजत, वर मूठभर डिटर्जंट, सकाळी मशीन आणि मग कोथरूडच्या गच्चीवर मे महिन्याचं ऊन. मी गेलो तर म्हणते, "बघ, तो उग्र वास गेला एकदाचा!" अगं, वासाबरोबर औषधही चाललंय! दुसरी मच्छरदाणी मी थेट पुणे स्टेशनवर भाच्याच्या हातात दिली.

या जाळीच्या धाग्यातच पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. डास जाळीवर टेकला की ते पायांवाटे त्याला भिनतं. साधारण 20 धुण्यांपर्यंत आणि 3 वर्षं पुरेल, असा बेत असतो. गरम पाणी, ब्लीच आणि कडक ऊन तो बेत लवकर उधळतात. नवी जाळी धुवायची नाही. एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगायची. मी वर्षातून दोनदाच धुतो, गणपती झाल्यावर आणि होळीच्या सुमारास. गार पाणी, अंगाच्या साबणाची वडी, हलक्या हातानं. वाळवणं घरात दोरीवर. धुण्याचं पाणी नदी-ओढ्यात ओतू नका, माशांना ते विष आहे. (मुठेत मासे उरले असतील तर.)

दुसरा राग जाळी न खोचण्याचा. मांडवाच्या झालरीसारखी जाळी लोंबत ठेवतात आणि वर म्हणतात, "डास आत येतातच हो!" येणारच. चारही बाजू गादीखाली दाबा, तेही अंधार पडायच्या आत. मलेरियाचा ॲनोफिलिस दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो. अकरापर्यंत अंगणात मोबाईल बघत बसणाऱ्याला जाळी काय करणार?

गुडघा जाळीला टेकवून झोपू नका.

तुळशीबागेतली साधी जाळी औषधाची नसते, लेबल वाचा.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळाला दुपारीही जाळीतच निजवा.

फाटली म्हणून लगेच टाकू नका. औषध शाबूत असेल तर भोकं असूनही ती थोडंफार काम करते. तरी सुई-दोरा घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.