बाँडवर येताय? मग एआयबद्दल थोडं

एमबीबीएसनंतरचा एक वर्षाचा बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, करायला तुम्ही एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू व्हाल, तेव्हा मोबाईलमध्ये एआयचं एखादं ॲप आधीच असणार. माझ्याही होतं. घाटाखालच्या केंद्रात तीन वर्षं ओपीडी काढल्यावर ते अजूनही आहे, फक्त ते कधी उघडायचं हे बदललंय.

सुरुवातीला हौसेनं, बोलणं ऐकून आपोआप नोंदी लिहिणारं एक साधन घेतलं. रोजचे ऐंशी-नव्वद केसपेपर लिहून मनगट भरून यायचं, म्हटलं, सुटले. पहिल्याच आठवड्यात पस्तिशीची एक बाई आली. 'मॅडम, महिनाभर अंगावरून लई जातंय, उठलं की चक्कर येते.' म्हणजे पाळीचा रक्तस्राव. साधनानं इंग्रजीत छान टापटीप नोंद केली: शरीरावरून काहीतरी सरकत असल्याची संवेदना. खाली सल्लाही होता, मज्जातंतूंची तपासणी करा. इकडे बाईंची पापणी खाली ओढून पाहिली तर पांढरीफटक, आणि हिमोग्लोबिन ६.

'पित्त' हा तर आपल्याकडचा सगळ्यात फसवा शब्द. कुणाची छातीतली जळजळ, कुणाची अर्धशिशी, कुणाच्या अंगावर उठलेल्या गांध्या, सगळं पित्तच. साठीतला मधुमेही माणूस घामाघूम होऊन 'पित्त झालंय' म्हणाला, तर आधी ईसीजी काढा. यंत्राला 'ॲसिडिटी' असं भाषांतर करून दिलंत, तर ते ॲसिडिटीचंच उत्तर देईल. म्हणून रुग्णाचे शब्द आधी स्वतः उलगडून घ्यायचे, 'म्हणजे नक्की काय होतं?' असं दोनदा विचारून. गर्दीत हे होत नाही, मला माहीत आहे. तरीही.

क्षयरोगाच्या एक्स-रेचं मात्र मी मोकळेपणानं कौतुक करते. १५ वर्षांवरच्यांच्या छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली. शिबिरात हातात धरायचं एक्स-रे मशीन गावात येतं आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर टीबीची शक्यता किती याचा गुण दिसतो. रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या गावी, त्यामुळे आमच्यासाठी ही मोठी सोय. पण तो गुण म्हणजे निदान नव्हे. आमच्या एका काकांचा गुण इतका वर गेला की मुलगा रडायलाच लागला. काकांना वीस वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला होता. फुप्फुसावर त्याचेच जुने व्रण होते. थुंकी ट्रूनॅट या टीबीच्या चाचणीला पाठवली, निगेटिव्ह आली. थुंकी कुणाची तपासायची एवढंच तो गुण सांगतो. आणि लहान मुलांना ही मान्यता लागू नाही, हे शिबिराच्या घाईत विसरू नका.

आता माझी चूक सांगते. पावसाळ्यातली पहाटे पाचची वेळ. विशीतला मुलगा, पोटात कळा, दोन उलट्या. पोट मऊ होतं, ताप नव्हता. झोपेतच होते, मोबाईल काढून वय, पोटदुखी, उलटी एवढं टाईप केलं. यादी आली: जठरदाह, अन्नातून विषबाधा, अपेंडिक्स वगैरे. मी ॲसिडिटीचं पँटोप्राझोल लिहीत होते. आमच्या सिस्टर बावीस वर्षं या केंद्रात आहेत. त्या सलाईन लावता लावता म्हणाल्या, 'मॅडम, हा डोळे नीट उघडत नाहीये बघा.'

'रात्री कुठं झोपला होतास रे?'

'खाली. भुईवर.'

मण्यार! चावल्याचं कळत नाही, खूण बहुतेकदा सापडत नाही, आणि पापण्यांपासून सुरू झालेला लकवा श्वासापर्यंत पोचतो. सर्पदंशाच्या लसीच्या १० व्हायल लावल्या, हातानं श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी घेतली, १०८ बोलावली आणि मी सोबत गेले. मुलगा वाचला. दुपारी परत येऊन तोच प्रश्न पुन्हा टाईप केला, या वेळी 'पापण्या जड' आणि 'जमिनीवर झोपला होता' हे घालून. पहिल्याच ओळीत मण्यार. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मीच सांगितलं नव्हतं, कारण मी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. रुग्ण तपासून आधी माझं निदान केसपेपरवर पेनानं, मग ॲपला एकच प्रश्न: यात मी काय विसरतेय? त्याचा खरा उपयोग इथे होतो. रेफरलची चिठ्ठी नीट लिहून घ्यायला, मधुमेहाच्या पथ्याचा कागद सोप्या मराठीत करायलाही ते चांगलं. मुलांचा डोस मात्र वजनावरून स्वतः काढा. केसपेपरचा फोटो, नाव, आभा क्रमांक (रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक) त्यात कधीही टाकू नका.

कायद्याचंही एक वाक्य. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एआयनं डॉक्टरला मदत करायला हरकत नाही, पण रुग्णाला सल्ला देणं किंवा औषध लिहिणं हे काम नोंदणीकृत डॉक्टरचंच. चौकशी झाली तर 'ॲपनं सांगितलं' हे उत्तर चालणार नाही.

आणि मोबाईल बघताना तोंडानं सांगत जा. एकदा मी स्क्रीनवर मान घातलेली बघून एक आजी बाकावरून म्हणाल्या, 'नवऱ्याला नंतर मेसेज कर गं बाई, माझा गुडघा बघ आधी.'