‘टिल’ लिहिलं आणि घात झाला: रोजच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

संध्याकाळी टिळकनगरात माझ्याकडे चार-पाच पोरं इंग्रजी शिकायला येतात. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि मुलाखतीला इंग्रजी, असा इंदूरकरांचा संसार. भंवरकुव्याला ‘30 दिवसांत फाडफाड इंग्रजी’ची पाटी वाचून आलेला पहिल्याच दिवशी विचारतो, “सर, रोज किती शब्द पाठ करू?” एकही करू नकोस बाबा. जे येतात ते आधी नीट बसव.

माझा सगळ्यात जुना वैरी म्हणजे ‘पर्यंत’. इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात, टिल आणि बाय. मराठीत एकात भागतं, हिंदीतही ‘तक’ म्हटलं की झालं, म्हणून दोन्ही भाषा मिळून आपल्याला खड्ड्यात घालतात. मी स्वतः पडलोय. तेव्हा पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात पत्रव्यवहार बघायचो. भाच्याच्या मुंजीला बडोद्याला गेलो होतो. चेन्नईच्या एका गिऱ्हाइकाला यंत्र बघायला यायचं होतं. मला म्हणायचं होतं, ‘गुरुवारपर्यंत इंदूरला पोचतो.’ लिहिलं काय? ‘आय विल बी इन इंदोर टिल थर्सडे.’ म्हणजे गुरुवारपर्यंत मी इंदुरातच आहे, त्यानंतर नाही! तो बिचारा शहाणपणाने बुधवारी विमानाने आला. मी बडोद्यात पंगतीत वाढत होतो. फोनवर तो एवढंच म्हणाला, “यू रोट टिल.” कारखान्यात दुसरं कोणी यंत्र दाखवणारं नव्हतं. पोहे-जिलेबी खाऊन तो रात्रीच्या विमानाने परत गेला, ऑर्डरही गेली. मालक महिनाभर मला ‘टिल साहेब’ म्हणत होते.

तेव्हापासून माझी सवय अशी. मनात एक दिवा धरायचा. तो त्या दिवसापर्यंत जळतच राहणार असेल तर टिल. त्या दिवसाच्या आत कधीतरी एकदाच खटका दाबायचा असेल तर बाय. दुकान नऊपर्यंत उघडं, तिथे टिल. अर्ज सोमवारपर्यंत द्या, तिथे बाय. व्याकरणाच्या पुस्तकात हा दिवा सापडणार नाही, पण पोरांच्या डोक्यात बसतो.

‘पासून’ हा त्याचाच भाऊ. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हियर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य आठवड्यातून चार वेळा ऐकतो, आणि त्यात एक नाही, दोन चुका आहेत. सिन्सला सुरुवातीची खूण लागते: 2019, सोमवार, लहानपण. पाच वर्षं ही लांबी झाली, तिला फॉर. आणि राहणं अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग हियर फॉर फाइव्ह इयर्स’. “सर, समोरच्याला कळतं ना?” हा ठरलेला प्रश्न. कळतं. चेन्नईवाल्यालाही कळलं होतं.

बाकीच्यांसाठी एवढी जागा घालवत नाही. डिस्कसच्या मागे अबाउट लावू नका, रिटर्नच्या मागे बॅक लावू नका. ‘उसने’ घेणाऱ्याचा शब्द बॉरो, देणाऱ्याचा लेंड. ‘कॅन यू बॉरो मी अ पेन’ म्हणणाऱ्याला मी पेन देत नाही. टेल मी चालतं, एक्सप्लेन मी चालत नाही, तिथे ‘टू मी’ हवं. फर्निचर, लगेज, अ‍ॅडव्हाइस यांना शेवटी स लागत नाही. परदेशात ‘पास्ड आउट’ म्हणालात तर लोक पाणी आणायला धावतील, कारण त्याचा नेहमीचा अर्थ बेशुद्ध पडणं; कॉलेजसाठी ग्रॅज्युएटेड म्हणा.

प्रीपोनला, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं याला, मात्र हसू नका. तो आपल्याकडचाच म्हणून ओळखला जातो, आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेलाय. मी बिनधास्त वापरतो.

वही ठेवा. नव्या शब्दासमोर मराठी अर्थ लिहू नका, तिथेच गडबड सुरू होते. शब्दाच्या आधीचा आणि नंतरचा शब्द घेऊन अख्खं वाक्य उतरवा, तेही स्वतःच्या घरातलं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आहे: आय विल बी इन इंदोर बाय थर्सडे.