घरात सँडस्टोनची फरशी टाकलीय? मग आम्ही केलेल्या या चुका टाळा

नेरुळला आमचं ग्राउंड फ्लोअरचं घर, रिनोव्हेशन काढलं तेव्हा हॉलमध्ये धोलपूर बेज टाकला. राजस्थानचा फिकट पिवळसर सँडस्टोन, राष्ट्रपती भवनाला धोलपूरचाच दगड लागलाय असं दुकानदाराने सांगितलं (खरंय ते) आणि आम्ही लगेच हुरळलो. दिसतो झकासच, पण पहिल्या वर्षात आम्ही त्याचे जे हाल केले ते बघून आई म्हणाली त्यापेक्षा जुनी मोझॅकच बरी होती रे.

मुळात सँडस्टोन म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला दगड, आणि चिकटवणारा मसाला कधी सिलिका, कधी कॅल्साइट, कधी लोहाचा गंज नाहीतर चिकणमाती. कणांच्या मधे बारीक बारीक छिद्रं. त्यामुळे व्हिट्रिफाइड टाइलवर जे चालतं ते इथे चालत नाही, हा दगड सगळं पितो.

पहिली चूक अ‍ॅसिड. काम संपल्यावर मिस्त्रीने सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड मारलं, फसफस फेस आला, मी बाजूला उभा राहून खुश, मळ निघतोय म्हणून. दोन दिवसांनी तिथेच गंजासारखे तपकिरी ढग उमटले, कारण अ‍ॅसिडने दगडातलं लोह बाहेर काढलं, आणि ते डाग आजपर्यंत पूर्ण गेलेले नाहीत. टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबू, चिंच सगळं याच यादीत. सिमेंट ओलं असतानाच स्पंजने पुसून घ्यायला लावा, वाळलंच तर लाकडी पट्टी आणि नायलॉनचा ब्रश. आणि अ‍ॅसिडने जमलं नाही म्हणून त्यावर ब्लीच ओतू नका, त्यातून क्लोरीन गॅस सुटतो, दगड राहूदे पण माणूस आडवा होईल.

रोजच्या पुसण्यात फार काही नाही. आधी मऊ झाडूने रेती काढा, नाहीतर ओल्या पोछ्याखाली तीच रेती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. मग पीएच न्यूट्रल (म्हणजे ना अ‍ॅसिडवाला, ना अल्कलीवाला) स्टोन क्लीनर थोडासा आणि नंतर साध्या पाण्याचा पोछा, घट्ट पिळून. आमच्या मावशी अर्धी बादली फरशीवर ओतून फिनाईल टाकायच्या, त्यांची सवय मोडायला सहा महिने गेले.

आता खरी चूक, आणि पैसेही इथेच गेले. भर जुलैमध्ये सील केलं, म्हणजे दगडाने पाणी आणि डाग पिऊ नयेत म्हणून त्यावर सीलर लावलं. गणपतीच्या आधी चकाचक पाहिजे म्हणून ग्लॉसी अ‍ॅक्रिलिक कोट मारून घेतला, आठ दिवस घर हॉटेलच्या लॉबीसारखं दिसलं, मग भिंतीकडेला पांढुरके धब्बे आले आणि मोदकाच्या उकडीला यावेत तसे फुगे, नखाने ओढलं की प्लास्टिकसारखी सालं निघायची. खालून जमिनीची ओल, वरून पावसाळी हवा, आणि मधे आम्ही झाकण लावून बसलो. स्ट्रिपर (कोट सोडवायचं केमिकल) लावून सगळं काढावं लागलं, तेही दोनदा.

सील करायच्या आधी फुकटातली एक टेस्ट आहे ती करा. साधारण दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक फरशीवर ठेवून चारी बाजूंनी टेप मारा, एक दिवस तसंच राहू द्या. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा दगड काळपट झाला असेल तर सीलरचा डबा उघडूच नका. नवीन फरशी असेल तर खालचा सिमेंटचा माल वाळायला निदान महिनाभर द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. आम्ही शेवटी फेब्रुवारीत केलं, सिलेन-सिलॉक्सेनचं आत मुरणारं सीलर घेऊन. ते वर थर बसवत नाही, आतली वाफ बाहेर जाऊ देतं. चमक येत नाही हे आधीच घरच्यांना सांगा. यातली काही फक्त पाणी अडवतात, तेल नाही, तेव्हा डब्यावर दोन्ही लिहिलंय का ते वाचा आणि उरलेल्या तुकड्यावर लावून बघा, काहींनी रंग गडद होतो. लावल्यावर डब्यावर दिलेल्या वेळात, बहुतेक ५-१० मिनिटांत, वर राहिलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसायचं. तसंच वाळलं तर चिकट डाग राहतात आणि धूळ धरतात.

भिंतीजवळ पांढरी भुकटी येत असेल तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार. पाण्याने धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात, म्हणून कोरडा ब्रश मारून व्हॅक्यूम करा आणि ओल कुठून येते ते शोधा. आमच्याकडे बाथरूमचा ट्रॅप (जाळीखालचा, सांडपाणी जातं तो भाग) गळत होता. लोण्यावर सीलर मारलं तर क्षार आतच साठून दगडाचे पापुद्रे निघतात.

देवघरासमोर समईचं तेल सांडलं तेव्हा टाल्कम पावडर अ‍ॅसिटोनमध्ये दाट कालवून डागावर थापली, प्लास्टिकने झाकून एक दिवस ठेवली, मग प्लास्टिक काढून वाळू दिली. खिडक्या उघड्या, गॅस आणि दिवे बंद. दोन वेळा केल्यावर डाग बराच गेला.

परत सील कधी करायचं ते कॅलेंडर बघून ठरवू नका. अर्धा चमचा पाणी टाकून बघा, थेंब उभा राहिला तर ठीक, पाचेक मिनिटांत तिथला दगड काळा पडला तर वेळ झाली. आमच्याकडे सोफ्याखाली अजून थेंब गोटीसारखा उभा राहतो, पण किचनच्या दारात जिथे दिवसभर ये-जा तिथे लगेच मुरतो, म्हणून यंदा तेवढाच चार फुटांचा पट्टा करणार, अर्धा डबा माळ्यावर पडलाय, एक्सपायरी तेवढी बघायची राहिलीय.