मॅनेज्ड स्विच लावताय? आधी आयपी आणि सबनेटचा हिशोब कागदावर मांडा

सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते आधीच सांगतो, स्विच आयपी बघतच नाही. साधा लेअर टू स्विच फक्त मॅक ॲड्रेस (डिव्हाइसचा हार्डवेअर पत्ता) बघतो, कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे याचं टेबल ठेवतो आणि फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, तिकडे पाठवतो, बस. समोरचा आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा हे ठरवतो तुमचा पीसी, तुमचा कॅमेरा, तुमचा प्रिंटर, आणि तेही त्याच्यात भरलेल्या मास्कवरून, म्हणजे आयपीचा कुठला भाग नेटवर्कचा हे सांगणाऱ्या आकड्यावरून. म्हणून पोर्टचे लाइट लुकलुकतायत, केबल टेस्टर ओके म्हणतोय आणि तरी पिंग (समोरचं डिव्हाइस उत्तर देतं का ही चाचणी) जात नाही असं झालं की स्विच बदलायला निघण्याआधी दोन्ही टोकांचे मास्क बघा.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. एकाच स्विचवर दोन वेगळे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) दिले म्हणजे नेटवर्क वेगळं झालं असं बरेच जण धरून चालतात, तसं नसतं. व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचचा आतून पाडलेला वेगळा भाग, केला नाही तर ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला निरोप) सगळ्या पोर्टवर जातोच, आणि कोणीही आपल्या लॅपटॉपचा आयपी बदलून दुसऱ्या सबनेटमध्ये बसू शकतो. सबनेट आणि व्हीलॅन जोडीनेच करायचे, एका व्हीलॅनला एक सबनेट.

आता मास्क. आयपी व्ही फोर म्हणजे ३२ बिट, आठ-आठचे चार तुकडे, म्हणून प्रत्येक आकडा ० ते २५५. सातबाऱ्यावर गट नंबर आणि त्याचा पोटहिस्सा असतो ना, तसंच इथे आहे, आयपीचा डावीकडचा भाग गट आणि उजवीकडचा हिस्सा, आणि गट कुठे संपतो ते मास्क सांगतो. /२४ म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे, मास्क २५५.२५५.२५५.०, उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, डिव्हाइसला द्यायला २५४ राहतात.

बायनरी येत असेल तर उत्तमच, पण साइटवर उभं राहून काम करताना एवढं पुरतं: २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा, ब्लॉकचा साइज मिळतो. २५५.२५५.२५५.१९२ असेल तर २५६ वजा १९२ म्हणजे ६४, हा झाला /२६. २२४ ला ३२ म्हणजे /२७, २४० ला १६ म्हणजे /२८. आणि ब्लॉक नेहमी आपल्या साइजच्या पटीतच सुरू होतो, ६४ चा ब्लॉक ०, ६४, १२८ किंवा १९२ लाच सुरू होणार, ९६ ला नाही. हिशोब चुकतो तो बहुतेक इथेच.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावात पतसंस्थेची शाखा आहे, हेड ऑफिसने तिला १०.२०.७.०/२४ एवढीच रेंज दिलीय. स्टाफचे पीसी आणि प्रिंटर मिळून ४० च्या आसपास, कॅमेरे आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन) मिळून २०, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गेस्ट वायफाय, आणि स्विच-ॲक्सेस पॉइंट मॅनेज करायला थोडे पत्ते. वाटणी अशी (गेटवे म्हणजे सबनेटबाहेर जायचा दरवाजा, राउटरचा पत्ता):

स्टाफ, व्हीलॅन १०: १०.२०.७.०/२६, वापरायला १ ते ६२, गेटवे १
कॅमेरे, व्हीलॅन २०: १०.२०.७.६४/२७, वापरायला ६५ ते ९४, गेटवे ६५
मॅनेजमेंट, व्हीलॅन ९९: १०.२०.७.९६/२८, वापरायला ९७ ते ११०, गेटवे ९७
गेस्ट, व्हीलॅन ३०: १०.२०.७.१२८/२६, वापरायला १२९ ते १९०, गेटवे १२९

कॅमेऱ्यांचा ब्लॉक ९५ ला संपला म्हणून गेस्टचा /२६ लगेच ९६ पासून टाकता येत नाही, तो थेट १२८ ला गेला, मधली जागा मॅनेजमेंटला वापरली. ११२ ते १२७ आणि १९२ च्या पुढचं सगळं शिल्लक आहे, राहू द्या, उद्या बायोमेट्रिक मशीन किंवा आयपी फोन येतीलच.

रेंज ठरवणं तुमच्याच हातात असेल तर मात्र एवढी काटकसर करू नका. १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या तीन खासगी रेंज आपल्यासाठीच राखून ठेवल्यात, प्रत्येक व्हीलॅनला सरळ एक /२४ द्या आणि तिसऱ्या आकड्यात व्हीलॅन नंबर टाका, आयपी वाचला की व्हीलॅन कळतो. फक्त १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० टाळा, घरोघरच्या राउटरमध्ये हेच असतं आणि कोणी घरून व्हीपीएनने जोडलं की दोन्हीकडे एकच नेटवर्क होऊन बसतं.

कागद तयार झाला की स्विच हातात घ्या. नव्या स्विचचा आयपी खालच्या लेबलवर असतो, टीपी-लिंकच्या बऱ्याच स्मार्ट स्विचना १९२.१६८.०.१, नेटगिअरला १९२.१६८.०.२३९, डी-लिंकला १०.९०.९०.९०. लॅपटॉपला त्याच सबनेटमधला आयपी हाताने द्या, म्हणजे टीपी-लिंक असेल तर १९२.१६८.०.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण वायफायच्या राउटरचा पण आयपी १९२.१६८.०.१ असू शकतो आणि मग ब्राउझरमध्ये स्विचऐवजी राउटरचंच लॉगिन पेज उघडतं, आणि माणूस बसतो स्विचचा पासवर्ड चुकतोय म्हणत.

आधी व्हीलॅन बनवा, मग पोर्ट वाटा. स्मार्ट स्विचमध्ये पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड (फ्रेमवर व्हीलॅन नंबर न लावता) केला तरी पीव्हीआयडी (नंबर न लावलेला येणारा डेटा कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचा ते) वेगळा बदलावा लागतो, तो १ च राहिला तर कॅमेऱ्याकडून येणारा डेटा व्हीलॅन १ मध्ये जातो आणि एनव्हीआरवर कॅमेरा ऑफलाइन. राउटरकडे जाणारा पोर्ट चारही व्हीलॅनना टॅग्ड (फ्रेमवर व्हीलॅन नंबर लावून) ठेवा, म्हणजे सिस्कोच्या भाषेत ट्रंक, आणि चारही गेटवे राउटरवर प्रत्येक व्हीलॅनच्या सबइंटरफेसला (एकाच पोर्टचे व्हीलॅनप्रमाणे केलेले भाग) द्या.

स्विचचा स्वतःचा आयपी बदलणं सगळ्यात शेवटी ठेवा. तो फक्त मॅनेज करायला लागतो, बाकी ट्रॅफिक त्याच्याशिवायही चालतो. एक पोर्ट व्हीलॅन ९९ मध्ये मोकळा ठेवा, स्विचला १०.२०.७.९८, मास्क २५५.२५५.२५५.२४०, गेटवे १०.२०.७.९७ द्या, स्विचमध्ये मॅनेजमेंट व्हीलॅन निवडायची सोय असेल तर तिथे ९९ करा. अप्लाय केलं की पेज लटकेल, घाबरू नका, स्विच नव्या पत्त्यावर गेलाय आणि तुमचा लॅपटॉप जुन्याच सबनेटमध्ये आहे. केबल त्या मोकळ्या पोर्टला लावा, लॅपटॉपला १०.२०.७.१०० द्या, मास्क तोच २४० वाला, आणि नव्या आयपीवर उघडा. गेटवे भरला नाही तर याच सबनेटमधून स्विच नीट उघडेल, पण स्टाफच्या पीसीवरून किंवा हेड ऑफिसमधून उघडणार नाही. आणि सेव्ह करा, बऱ्याच स्विचमध्ये अप्लाय आणि सेव्ह ही दोन वेगळी बटणं असतात, सेव्ह राहिलं तर लाइट गेली की सगळं पुसलं जातं.

तपासताना क्रम धरा: आधी आपला गेटवे पिंग करा, मग दुसऱ्या व्हीलॅनचा गेटवे, मग तिथलं डिव्हाइस. पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी आला असेल तर त्याला डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सोय) काही मिळालेलंच नाही, पोर्टचा व्हीलॅन आणि त्या व्हीलॅनचा पूल (वाटायच्या पत्त्यांची रेंज) बघा, आणि हाताने दिलेले आयपी पूलच्या बाहेर ठेवा. कॅमेरा आपल्या व्हीलॅनमधून दिसतो पण स्टाफच्या पीसीवरून नाही, तर बहुतेक कॅमेऱ्यात गेटवे रिकामा आहे किंवा मास्क २५५.२५५.२५५.० राहिलाय. मास्क तसा राहिला असेल तर कॅमेऱ्याला स्टाफचा पीसी १०.२०.७.२० हा आपल्याच गल्लीतला वाटतो, तो उत्तर गेटवेकडे पाठवतच नाही, एआरपीने (हा आयपी कुणाचा, त्याचा मॅक सांगा असं विचारणं) हाका मारत बसतो. विंडोज पीसीला दुसऱ्या सबनेटमधून पिंग जात नसेल तर मात्र आधी त्याचा फायरवॉल बघा, तो बहुतेक वेळा असा पिंग अडवतो.

शेवटचं काम राउटरवर. व्हीलॅन केले तरी राउटर एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पॅकेट सहसा सोडतो, म्हणजे गेस्ट वायफायवरचा माणूस पतसंस्थेच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकतो. त्यासाठी गेस्टकडून १०.२०.७.०/२४ कडे जाणारं अडवा. हेड ऑफिसची रेंज व्हीपीएनने जोडलेली असेल तर तीही. फक्त गेस्टचा गेटवे १२९ सुद्धा याच /२४ मध्ये येतो, आणि डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी सेवा) तिथूनच देत असाल तर त्याची परवानगी अडवण्याच्या नियमाच्या वर टाका, नाहीतर वायफाय जोडलं जाईल पण एकही साइट उघडणार नाही.