बडोद्याच्या वाचनकट्ट्यावर जर्मन वास्तववाद कसा वाचाल

एकोणिसाव्या शतकातले जर्मन वास्तववादी कादंबरीकार फोंटाने यांच्या जाड कादंबरीपासून सुरुवात केली की मंडळी दुसऱ्या बैठकीला येत नाहीत. आधी स्विस लेखक केलरची दीर्घकथा 'क्लायडर माखेन लॉयटे' ('कपडे माणसाला घडवतात', 1874) घ्या: गरीब शिंप्याला गाव उमराव समजून बसतं. एका बैठकीत संपते.

मग जर्मन लेखक श्टॉर्मची 'शिमेलरायटर' ('पांढऱ्या घोड्याचा स्वार', 1888), समुद्र अडवणाऱ्या बांधांची गोष्ट, तीन बैठकांत. इथे गोष्टीत गोष्ट आहे, निवेदक तीन. सुरुवातीची पानं गाळलीत तर कोण बोलतंय ते शेवटपर्यंत कळणार नाही. तिघांची नावनिशी फळ्यावर मांडा. शेजारी बांधाचा छेद काढा: जुना बांध समुद्राच्या बाजूला उभ्या चढाचा, नायक हाउकेने बांधलेला नवा लांब उताराचा. फुटतो तो जुना, आणि का फुटतो यावरच चर्चा रंगते. विश्वामित्रीचा पूर पाहिलेल्यांना बांधाची भीती वेगळी समजवावी लागत नाही.

फोंटानेची 'एफी ब्रीस्ट' (पुस्तकरूपात 1895) शेवटी. त्यातला नायिका एफीचा व्यभिचार लेखक उघड दाखवतच नाही. भराभर वाचणारे तिथेच चुकतात आणि पुढे तिच्या प्रियकराची पत्रं सापडली की गोंधळतात. म्हणून एफीचं फिरायला जाणं, उशिरा परतणं, बहाणे यांवर पेन्सिलीने खुणा करा. सगळं उघड मांडणारा फ्रेंच कादंबरीकार झोला वाचलेल्यांना हा संयम मिळमिळीत वाटेल, वाटू द्या.