रक्तातून ट्यूमरचे ईव्ही वेगळे करताना या चुका टाळा

ईव्ही (एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल) म्हणजे पेशी बाहेर सोडतात ते पडद्याने वेढलेले सूक्ष्म कण. त्यांच्या कामात नवी मुलं आधी विचारतात, ते वेगळे करायला किट कोणतं घेऊ? नमुना मात्र किट उघडण्याच्या कितीतरी आधी बिघडलेला असतो.

सर्वांत महागात पडते ती रक्त बर्फावर पाठवण्याची सवय. ठाण्यात दुपारी रक्त काढलं, आइसबॉक्समध्ये जेल पॅकला टेकवलं आणि बाइकवरून ऐरोली-तुर्भे करत तीन तासांनी खारघरच्या लॅबमध्ये पोचवलं. पाठवणाऱ्याने मनापासून काळजी घेतलेली असते. पण गारठ्याने आणि हादऱ्यांनी प्लेटलेट सक्रिय होतात आणि वाटेतच स्वतःचे ईव्ही सोडतात. त्यात कंट्रोलचं रक्त लॅबमधल्याच निरोगी मुलांचं, काढल्या काढल्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेलं. मग रुग्णांत कण भरपूर दिसतात, ब्लॉटमध्ये (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत) ईव्हीवरच्या सीडी६३ प्रथिनाचा बँड ठसठशीत येतो, सगळे खूश. पुढे कुणीतरी सीडी४१ (प्लेटलेटची खूण असलेलं प्रथिन) लावून बघतं आणि कळतं की हा सगळा फरक प्रवासाने घडवलाय. तोवर रुग्णांची केमो सुरू झालेली असते. उपचाराआधीचं रक्त पुन्हा मिळत नाही.

म्हणून रक्त २० ते २४ अंशांवर, नळी उभी आणि न हलेल अशी ठेवा. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतलं तापमान म्हणजे ‘रूम टेंपरेचर’ नव्हे. २१ गेजची सुई वापरा, पहिले २-३ मिली बाजूला काढा, नळी सायट्रेट किंवा ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी द्रव्यं) घ्या. हेपरिन पीसीआर अडवतं. सीरमही नको, रक्त गोठतानाच प्लेटलेट ईव्ही सोडतात. मग सेंट्रिफ्यूजवर २५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५०० पट जोर), १५ मिनिटं, ब्रेक बंद. बफी कोटच्या (पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटच्या पातळ थराच्या) वरचा सेंटिमीटरभर प्लाझ्मा सोडून द्या, बाकीचा नव्या नळीत घेऊन पुन्हा तितकंच फिरवा आणि तळाचे १०० मायक्रोलिटर घेऊ नका. घाईत गाळला जातो तो हा दुसरा स्पिन. उरलेले प्लेटलेट गोठून वितळताना फुटतात, त्यांचे तुकडे ईव्ही म्हणून मोजले जातात आणि पुढे कोणताही कॉलम (कण आकारानुसार वेगळे करणारी नळी) ते नीट वेगळे करत नाही. दोन तासांत खारघर गाठता येत नसेल तर दोन्ही स्पिन ठाण्यातच करा, ०.५ मिलीचे भाग उणे ८० अंशांवर गोठवा आणि ड्राय आइसवर पाठवा. एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही.

दुसरी चूक लिपोप्रोटीनची, म्हणजे रक्तात चरबी वाहून नेणाऱ्या कणांची. एनटीएला (कण मोजणाऱ्या यंत्राला) फक्त कण दिसतो. तो ईव्ही आहे की व्हीएलडीएलसारखं लिपोप्रोटीन, हे त्याला कळत नाही. रक्तात लिपोप्रोटीन ईव्हीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतात, म्हणून रक्त उपाशीपोटीच घ्या. सेफरोज सीएल-२बीच्या कॉलममधून अल्ब्युमिन मागे राहतं, पण आकार जुळत असल्याने व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन (हेही लिपोप्रोटीनच) ईव्हीबरोबर उतरतात. डेन्सिटी ग्रेडियंटमध्ये (घनतेनुसार वेगळं करताना) ते वेगळे होतात, तर एचडीएल ईव्हीला चिकटून येतं. दोन्ही पद्धती जोडा आणि ब्लॉटमध्ये एपोबी, एपोए१ (लिपोप्रोटीनची प्रथिनं) तपासा. पीईजी या पॉलिमरने सगळंच एकदम खाली बसवणारं किट बायोमार्करच्या (रोगाची खूण शोधण्याच्या) कामाला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) ४१४ नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणावरून बघा, ०.२ च्या वर गेलेला नमुना मायक्रोआरएनएसाठी वापरू नका.

पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) गाळून घ्या आणि नुसत्या पीबीएसचंही एनटीए करा.

आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहू नका, जी लिहा. रोटर बदलला की त्याच आरपीएमला जीचा आकडा बदलतो.

आणि सीडी९, सीडी६३, सीडी८१ ही ईव्हीवरची प्रथिनं दिसली म्हणजे ट्यूमरचे ईव्ही मिळाले, असं लिहू नका. प्लाझ्मातले बहुतेक ईव्ही रक्तपेशींचेच असतात. एपकॅमच्या (बऱ्याच ट्यूमर पेशींवर असणारं प्रथिन) बीड्सने पकडायचे तर शेजारी आयसोटाइप कंट्रोलच्या (कशालाही न पकडणारी अँटिबॉडी लावलेल्या) बीड्स हव्यातच, आणि सार्कोमात (हाड, स्नायू अशा ऊतींच्या कर्करोगात) एपकॅमचा फारसा उपयोग नाही.