विम वापरताना या चुका टाळा: मोड विसरला की घोळ

विम हा मजकूर लिहिण्याचा एडिटर. त्याच्या इन्सर्ट मोडमध्ये बटणं अक्षरं टाइप करतात, नॉर्मल मोडमध्ये तीच बटणं आज्ञा देतात, आणि इन्सर्टमधून बाहेर पडायला एस्केप दाबतात. विम नव्याने शिकणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: आपण कोणत्या मोडमध्ये आहोत हे न बघता बटण दाबलं जातं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे इन्सर्ट मोडमध्ये मुक्काम ठोकणं. मी एकदा सलग तीन परिच्छेद टाइप केले. शेवटचा शब्द चुकला म्हणून एस्केप मारून शेवटचा बदल मागे घेणारं यू दाबलं, आणि तिन्ही परिच्छेद गायब! काळजात धस्स झालं. इन्सर्टमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सलग टाइप केलेलं सगळं विमच्या लेखी एकच बदल असतो. कंट्रोल-आर दाबल्यावर मजकूर परत आला. तेव्हापासून एक-दोन वाक्यं झाली की मी एस्केप दाबतेच.

एस्केपचा कंटाळा येतो हे खरं, कारण ते बटण कोपऱ्यात आहे. पण बिल जॉयने १९७६ मध्ये विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर, आणि त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं. बोट दूर जात नसेल तर कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस एकत्र दाबा, काम तेच होतं.

फाइलच्या शेवटी कोलन-डब्ल्यू-क्यू (जतन करून बाहेर पडायची आज्ञा) अशी अक्षरं उमटली असतील तर तुम्ही अजून इन्सर्टमध्येच आहात. ती पुसा, एस्केप दाबा, मग पुन्हा लिहा. ओळी एकमेकींना चिकटू लागल्या तर कॅप्स लॉक बघा: नॉर्मल मोडमध्ये लहान ‘जे’ कर्सर खाली नेतो, मोठा ‘जे’ ओळी जोडतो. तळाशी ‘रेकॉर्डिंग’ दिसलं तर दाबलेली बटणं नोंदवून ठेवणारा क्यू चुकून दाबला गेलाय, तोच पुन्हा दाबा. टर्मिनलमध्ये जतन करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं आणि स्क्रीन गोठली, तर कंट्रोल-क्यू.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना एस्केप दाबलं तर मोड बदलतो, पण कीबोर्ड मराठीच राहतो. मग ‘जे’चं बटण दाबलं की विमला ‘र’ पोचतो, कोलनच्या जागी ‘छ’. कर्सर जागचा हलत नाही आणि विम अडकलं असं वाटतं. आधी कीबोर्ड इंग्रजी करा, मग एस्केप. हा क्रम बोटांत बसेपर्यंत चिकाटीने पाळा.

रोजच मराठी लिहीत असाल तर विमची कीमॅप सोय (कोणत्या बटणाला कोणतं अक्षर ते ठरवणारी) देवनागरीच्या कीमॅप फाइलसह वापरा. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा. इन्सर्टमध्ये विम स्वतः देवनागरी अक्षरं देतं आणि नॉर्मल मोडमधल्या आज्ञा इंग्रजीच राहतात. एखाद-दुसरंच अक्षर हवं असेल तर इन्सर्टमध्ये कंट्रोल-व्ही, मग यू आणि ०९१५ (आकडे इंग्रजी कीबोर्डवरचे): ‘क’ उमटतो.